विनंती थांबा

परदेशी जाणाऱ्या माणसाला पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तीन गोष्टी लागतात, अशी सरकारची समजूत आहे. प्रत्यक्षात चौथीही लागते. जाड कातडी. कारण तुम्ही जाणार ही बातमी एकदा सोसायटीचा जिना उतरली, की ज्यांचा विमानाशी संबंध लोहगावच्या कुंपणाबाहेरून नातवाला "ते बघ" म्हणण्यापुरता आला, तेसुद्धा तुम्हाला आकाशमार्ग समजावून सांगू लागतात. पायमोजे लोकरीचे घ्या. खिडकीशी बसू नका, रात्री उठायची पंचाईत होते. मेतकूट हातातल्या पिशवीत नको, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाका. हे सगळं मी हसऱ्या तोंडाने ऐकतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायची ती घरी आल्यावर, एवढा पोच माझ्यात आहे. पण एक सल्ला असा आहे की तो ऐकला की माझा चष्मा आपोआप कपाळावर जातो.

"वाटेत कुठे थांबू नका हो. सरळ जा."

हा लेख या सरळ जाणाऱ्यांच्या विरुद्ध आहे.

मुद्दा आधीच मांडून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत वाचायचा त्रास नको. माझं म्हणणं असं, की साठी ओलांडलेल्या, गुडघे अजून ताब्यात असलेल्या आणि मुलं सातासमुद्रापलीकडे नांदत असलेल्या जोडप्याने लांबच्या प्रवासाला निघताना वाटेत कुठेतरी एक-दोन दिवस उतरावं. स्वतःच्या पायांनी उतरावं, स्वतःच्या पैशाने राहावं, आणि त्या मुक्कामात शक्यतो काहीही 'कव्हर' करू नये.

आमच्या बाबतीत लढाईला तोंड फुटलं ते फोनवर. लेक मेलबर्नला. तिला दिवस गेलेले. आम्ही चार महिन्यांसाठी जाणार. तिकीट तिनेच काढायला घेतलं. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, पुढे मेलबर्न साडेसात तास, आणि मध्ये...

"बाबा, मधलं कनेक्शन मस्त मिळालंय. एक तास पन्नास मिनिटं! आणि तुम्हा दोघांनाही व्हीलचेअर सांगून ठेवलीय."

"व्हीलचेअर कशाला गं? मी रोज पर्वती चढतो."

"चालण्यासाठी नाही हो बाबा. हरवू नये म्हणून."

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी रोज न थांबता चढतो, आणि सिंगापूरच्या गुळगुळीत जमिनीवरून मला कुणीतरी ढकलत नेणार! ज्याला चालवत नाही त्याला ती खुर्ची म्हणजे देव भेटल्यासारखं आहे, याबद्दल वाद नाही. पण केवळ पाट्या इंग्रजीत आहेत म्हणून धडधाकट बापाला खुर्चीत घालायचं, म्हणजे एक तर बापाचं इंग्रजी काढायचं आणि वर एका गरजू माणसाची खुर्ची अडवायची. मी म्हटलं, "खुर्ची काढ आणि कनेक्शनही काढ. सिंगापूरला एक रात्र मुक्काम टाक."

पलीकडे शांतता पसरली. फोन बंद पडला असं वाटून मी तीनदा हॅलो म्हटलं.

"मुक्काम? तिथे काय आहे बाबा?"

"तेच बघायचंय."

आता 'मुक्काम' हा शब्द ऐकून मराठी मुलीने दचकावं याचंच मला नवल वाटतं. आपण मूळचे मुक्काम करणारे लोक. माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती पुण्यात दोन रात्री राहते, मग सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असं करत साधारण अडीच आठवड्यांनी पंढरपुरात पोचते. एस.टी. तेच अंतर अर्ध्या दिवसात कापते. मग चालणारे ते लाखो लोक काय वेळापत्रक न वाचता निघालेले असतात? गर्दीमुळे कित्येकांना गाभारा मिळत नाही. ते कळसाला हात जोडून परततात आणि तरीही "वारी घडली" म्हणतात. कारण वारी वाटेवर असते. पंढरपूर ही त्या वाटेची दिशा आहे.

गोडसे भटजींचं बघा. कर्ज झालं होतं म्हणून हा वरसईचा गृहस्थ १८५७ साली उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढाच त्याचा हिशेब. तो यज्ञ आज कुणाच्या लक्षात आहे? आपण 'माझा प्रवास' वाचतो तो भटजी वाटेत जिथे अडकले, जिथे थांबले, त्यासाठी. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. त्यांना कुणी कनेक्शन काढून दिलं असतं, तर पुस्तक सोडा, दक्षिणेची पावतीसुद्धा उरली नसती.

सरळ जायची ही घाई तशी अलीकडचीच. आपल्याकडून विलायतेला जाणाऱ्या बोटी एडन, सुएझ, पोर्ट सईद करत जात. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. त्या काळी विमानालाच दम लागायचा. पुढे इंजिनं सुधारली, विमानं न थकता उडू लागली, आणि मग आपणही थकायचं नाही असा नियम झाला. यंत्राला विश्रांती लागत नाही म्हणून माणसानेही घेऊ नये, हे तर्कशास्त्र गिरणीच्या मालकाला शोभतं. निवृत्त माणसाने ते कशासाठी पाळायचं?

आता विरोधी पक्षाचे मुद्दे घेतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे या पक्षाचे नेते.

त्यांचा पहिला मुद्दा : "छत्तीस तासांत काय डोंबल बघून होणार?" यावर माझा साधा प्रश्न आहे. सेक्रेटरी छत्तीस वर्षं पुण्यात राहतात आणि त्यांनी अजून केळकर संग्रहालय पाहिलेलं नाही. तेव्हा बघण्याचा आणि मुदतीचा संबंध असतो, हे त्यांनी तरी म्हणू नये. उलट मुदत कमी असली की माणूस डोळे उघडे ठेवतो. जन्मभराची सोय झाली की तो वर्तमानपत्र उघडतो.

दुसरा मुद्दा खर्चाचा. हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिंगापूर महाग आहे. हॉटेलच्या एका रात्रीचं भाडं रुपयांत मांडलं की घशाला कोरड पडते आणि मग पाण्याच्या बाटलीचंही रुपयांत मांडण्याचा मोह होतो. पण मी हिशेब दुसऱ्या बाजूने केला. लेकीच्या लग्नात शेवटी जे आइस्क्रीम दिलं, त्याचा स्वाद कुठला होता हे विहिणीलाही आठवत नाही. त्या आइस्क्रीमवर खर्च करताना मला कुणी "उगाच कशाला?" म्हणून विचारलं नव्हतं. चारशे माणसांच्या तोंडात विरघळून जाणारा पैसा हा खर्च नाही, रीत आहे. आणि दोघांनी एक दिवस आपल्या मर्जीने घालवला की ती उधळपट्टी! शिवाय तिथे जेवण स्वस्तात होतं. एका छपराखाली पन्नास-शंभर गाळे आणि मध्ये टेबलं, अशी त्यांची खाऊकेंद्रं असतात. त्यांना 'हॉकर सेंटर' म्हणतात. या हॉकर संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. आपली मंडई युनेस्कोला अजून दिसलेली नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरा मुद्दा : "या वयात दगदग." म्हणजे साडेपाच तास आणि साडेसात तास पाय दुमडून, मध्ये पावणेदोन तास पळापळ करून, सुजलेल्या घोट्यांनी पहाटे मेलबर्नला उतरायचं, ही विश्रांती. आणि मध्ये पलंगावर आडवं व्हायचं, ही दगदग. ज्या कुणी ही व्याख्या केली त्याने बहुधा फक्त इतरांचे प्रवास ठरवले असावेत.

एक चौथाही मुद्दा निघतो, तो जाणकारांकडून. "बाहेर कशाला जायला हवं? चांगीचा विमानतळच बघण्यासारखा आहे. धबधबा आहे आत!" आहे. २०१९ साली तो सुरू झाला, ४० मीटर उंचीचा आहे आणि देखणा आहे. पण तो आहे इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला. पावणेदोन तासांच्या कनेक्शनवाल्याला तो धबधबा म्हणजे मुंबई–पुणे गाडीतून दिसलेल्या पावसाळी घाटासारखा. "तो बघ, तो बघ" म्हणेपर्यंत बोगदा.

तर आम्ही उतरलो. रात्रीच्या विमानाने सकाळी पोचलो ते दुसऱ्या दिवशी रात्री निघालो. छत्तीस-सदतीस तास. खोली घेतली ती सेरंगून रोडजवळ, लिटल इंडियात. सेक्रेटरी यावरही म्हणाले, "म्हणजे सिंगापूरला जाऊन इंडियातच राहिलात!" खोली दुपारी मिळणार होती, म्हणून बॅगा हॉटेलच्या स्वाधीन करून आम्ही टेक्का सेंटरला गेलो. खाली भाजीबाजार, मासळीबाजार आणि शेजारी खाण्याचे गाळे. फणस, केळफूल, शेवग्याच्या शेंगा बघून हिने ओळखीची माणसं भेटल्यासारखी मान हलवली.

सिंगापुरात चहाला 'तेह' म्हणतात. मराठी माणसाची यात फार मोठी सोय आहे. "ते" म्हणून बोट दाखवलं की चहा येतो. मात्र तो येतो आटवलेल्या गोड दुधाचा. नुसता 'तेह' म्हटलं तर हा गोड प्रकार, 'तेह ओ' म्हटलं तर बिनदुधाचा, 'तेह सी' म्हटलं तर आटवलेल्या पण बिनसाखरेच्या दुधाचा, आणि साखर अजिबात नको असेल तर पुढे 'कोसोंग' लावायचं. कोसोंग म्हणजे मलय भाषेत रिकामं. मला साखर बंद आहे. मी पाटीसमोर उभा राहून हे व्याकरण जुळवत होतो, तेवढ्यात ही पुढे झाली आणि गाळेवाल्या मावशींना म्हणाली, "वन तेह. वन तेह सी कोसोंग."

मी बघतच राहिलो. चौतीस वर्षांच्या संसारात आम्ही हॉटेलात पुष्कळदा गेलो. प्रत्येक वेळी वेटर आला की ही मेन्यूकार्ड मिटून म्हणते, "तुम्ही सांगा काय ते." आणि आपल्या पुण्यात जी बाई स्वतःसाठी मसाला डोसा मागवत नाही, ती सिंगापुरात माझ्यासाठी मलय भाषेत बिनसाखरेचा चहा मागवत होती. सेक्रेटरी विचारतात, छत्तीस तासांत काय बघितलं? हे बघितलं.

दुपारी बोटॅनिक गार्डन. १८५९ सालची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा. आत जायला पैसे पडत नाहीत, ऑर्किडच्या बागेचे तेवढे वेगळे. मलायात रबराची जी अफाट लागवड झाली तिचं मूळ या बागेत आहे. रिडली नावाचे इथले संचालक १८८८ साली आले. झाड न मारता त्याचा चीक कसा काढायचा याची रीत त्यांनी इथे बसवली. या बागेत टेंबुसूचं एक जुनं झाड आहे, जमिनीला समांतर जाणारी मोठी फांदी असलेलं. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापलंय ते हेच. हिने नोट काढली, झाडासमोर धरली, फांदीला फांदी जुळवून बघितली आणि नोट पुन्हा पर्समध्ये ठेवली. ती तिथे खर्च झाली नाही. अजून घरी आहे.

मग एका बाकावर बसलो. किती वेळ, ते घड्याळात बघितलं नाही, पण पाऊस येऊन गेला, आम्ही छपराखाली गेलो, पुन्हा येऊन बाक रुमालाने पुसून बसलो, एवढा वेळ. त्याआधी ही प्रत्येक झाडापाशी थांबून पाटीवरचं लॅटिन नाव मोठ्याने वाचत होती. बाकावर बसल्यावर म्हणाली, "मला बॉटनीच घ्यायची होती." हे मी पूर्वी ऐकलं नव्हतं असं नाही. पण पूर्वी ऐकलं ते भाजी निवडताना. भाजी निवडताना सांगितलेली गोष्ट कढईत जाते. बाकावर सांगितलेली गोष्ट तिथेच बसून राहते. मग कॉलेज, तिथल्या बाई, हर्बेरियमसाठी सिंहगडावरून आणलेली पानं, घरून आलेलं "नोकरी लागेल असं काही घे", सगळं निघालं. त्या गप्पांत लेकीचं नाव एकदाही आलं नाही. माझ्या आठवणीत असा हा पहिलाच तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट अँड्र्यूज कथीड्रल. पांढरंशुभ्र. सिंगापूर ही एकेकाळी हिंदुस्थानातल्या कैद्यांची काळ्या पाण्याची जागा होती. १८२५ पासून बंगाल, मद्रास, मुंबई इलाख्यांतले कैदी इथे आणले जात, ते १८७३ मध्ये बंद झालं. हे कथीड्रल त्या कैद्यांनी बांधलं. आतल्या भिंतींचा गिलावा करताना त्यांनी शिंपल्याच्या चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घातली, आणि नारळाच्या सोडणांचं पाणी वापरून तो मळला. ही मद्रासकडची रीत. इंग्रजांना आमच्या माणसांनी लावलेला चुना अजून टिकून आहे, हे बघून बरं वाटलं. मग वाटलं, या माणसांनाही कुणी सांगितलं नसेल की परतीचं तिकीट नाही.

तिथून जवळच एस्प्लनेड पार्क. तिथे आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. मूळ स्मारक १९४५ साली उभं राहिलं आणि इंग्रज परत येताच त्यांनी ते उडवून दिलं. आता १९९५ साली बसवलेली खूण आहे. नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती याच शहरात, २१ ऑक्टोबर १९४३ ला. त्या सेनेतले एक बडे अधिकारी सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे, जगन्नाथराव भोसले. मुंबईत मंत्रालयाजवळ 'जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग' अशी पाटी आहे. नोकरीच्या काळात कामासाठी मंत्रालयात गेलो की मी ती वाचत असे. पण ती पाटी कुठल्या रस्त्याची आहे, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. तो रस्ता नरिमन पॉइंटला संपत नाही, इथवर येतो.

सिंहाचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेला तो प्रसिद्ध पुतळा मात्र आम्हाला दुरून, पाठमोरा दिसला. त्याच्यापुढे जाऊन फोटो काढायचा राहिला. राहू दे. त्यालाही कुणीतरी न त्रास देता जावं.

आणि इथे मला सरळ जाणाऱ्यांच्या सख्ख्या भावंडांकडे वळलं पाहिजे. ही मंडळी थांबतात, पण थांबूनही धावतात. आमच्या हॉटेलात आपल्याकडचाच एक ग्रुप उतरला होता. एकसारख्या टोप्या, साडेसहाला वेकअप कॉल, सात वाजता ब्रेकफास्ट, साडेसातला बस. रात्री लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले. डोळे तांबारलेले, हातात मॅग्नेटची पिशवी.

"तुमचे किती पॉइंट झाले?" त्यांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "एक बाक आणि एक चहा."

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "आमचे अकरा झाले. उद्या सात आहेत." त्यांच्या मागे त्यांची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या. तिला बागेतला बाक दाखवावासा वाटला, पण त्यांचा मजला आला.

पॉइंट मोजणं हा आपल्या शालेय परीक्षांचा परिणाम आहे. पोर्शन पूर्ण झाला पाहिजे. समजलं की नाही हे बाईही विचारत नाहीत, बापही विचारत नाही. मग मोठेपणी जग हा पोर्शन होतो आणि आपण तो 'कव्हर' करत सुटतो. कव्हर घालायचं ते वहीला. गावाला कव्हर घातलं तर आतलं कसं दिसणार?

पण हे सगळं वरवरचं झालं. मी इतका हट्टाला का पेटलो, त्याचं खरं कारण सांगतो.

आमच्या वयाची मंडळी परदेशी जातात, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती परदेशी जातच नाहीत. ती लेकीच्या किंवा सुनेच्या स्वयंपाकघरात जातात. मध्ये एक समुद्र लागतो, इतकंच. सूटकेसमध्ये डिंकाचे लाडू असतात, बाळंतिणीसाठी शतावरी असते, आणि मेलबर्नच्या विमानतळावर हे सगळं अर्जात लिहून एकेक पुडी कस्टमवाल्याला समजावून सांगावी लागते. पोचल्या दिवसापासून ही ओट्यापाशी आणि मी धुतलेल्या कपड्यांपाशी. यात तक्रार नाही. नातवाच्या टाळूला तेल लावताना जे वाटतं, ते मला लिहिता येत नाही आणि लिहायची इच्छाही नाही. पण त्या घरात आम्ही आई-बाबा असतो, आजी-आजोबा असतो, जावयाचे सासू-सासरे असतो. नवरा-बायको नसतो.

आणि हे तिथेच असं नाही. चौतीस वर्षांचे आमचे प्रवास मोजून बघा. लग्नं, मुंजी, बारशी, गावची जत्रा, कुणाच्या तरी ऑपरेशनला धावणं. एल.टी.सी.वर एकदा दक्षिण भारत बघितला, तो आई, दोन मुलं आणि एक होल्डॉल सांभाळत. मीनाक्षीच्या देवळाची माझी आठवण म्हणजे धाकट्याची हरवलेली चप्पल. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर "आम्हीही तिकडेच निघालोय" म्हणत मावशीचं कुटुंब बरोबर आलं. प्रत्येक प्रवासाला कारण होतं आणि ते कारण नेहमी तिसऱ्या माणसाचं होतं.

सिंगापूरच्या छत्तीस तासांत तिसरा माणूस नव्हता. तिथे आमची कुणालाही गरज नव्हती. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, आज रात्री जेवायला काय आहे ते मलाच माहीत नाही." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणी बढतीचं पत्र हातात ठेवलं. घरात पन्नास वेळा मी "आज काही करू नकोस" म्हटलं असेल. त्याचा काही उपयोग नसतो. ओटा दिसतो तोवर बाईमाणूस रजेवर जात नाही. ओट्यापासून ओट्यापर्यंत तेरा तासांचं अंतर असेल, तर त्या अंतराच्या मधोमधच कुठेतरी तिची रजा मंजूर होते. कनेक्शन एक तास पन्नास मिनिटांचं असेल, तर तेवढा वेळ सुरक्षा तपासणीत बूट काढण्यात जातो.

म्हणून तिकिटं काढणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. बाळांनो, तुम्ही आमची काळजी करता, हे आम्हाला कळतं. पण काळजीच्या नादात आम्हाला पार्सल करू नका. पार्सल सरळ जातं, वेळेत जातं आणि 'सांभाळून हाताळा' अशी चिठ्ठी लावून जातं. आम्हाला वाटेत हरवायची थोडी मुभा ठेवा. दोघं बरोबर असतील तर हरवणं हा एक चांगला कार्यक्रम असतो. नियम तुम्हाला शोधता येतात, ते शोधा. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांचा व्हिसा हातात असेल आणि अटी बसत असतील, तर पुढे जाणाऱ्या भारतीयाला सिंगापुरात ९६ तासांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय उतरता येतं. येण्याआधी तीन दिवसांत एक फुकटचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो, तो तेवढा भरून द्या. विमान कंपनीच्या हिशेबात चोवीस तासांच्या वर राहिलं की तो स्टॉपओव्हर होतो, तेव्हा तिकीट काढतानाच ते बघा. रात्रीचा खर्च झेपत नसेल तर निदान साडेपाच तासांच्या वरचं अंतर ठेवा. चांगी विमानतळावरून अशा प्रवाशांना शहराची फुकट चक्कर मारून आणतात. ती धावती असते, पण पाय जमिनीला लागतात.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, की मुलं आपणहून विचारणार नाहीत. एस.टी.च्या रस्त्यावर 'विनंती थांबा' अशी पाटी असते, ती आठवा. तिथे गाडी आपणहून थांबत नाही. ड्रायव्हर वाईट नसतो, त्याला वेळ गाठायची असते. कुणी हात दाखवला तर तो ब्रेक लावतो, थोडा कुरकुरतो आणि दार उघडतो. आमच्या लेकीनेही तेच केलं. परतीचं तिकीट काढताना मांडीवर बाळ, समोर कॉम्प्युटर, आणि तिने स्वतःहून विचारलं, "बाबा, सिंगापूरला किती रात्री टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत आतून उत्तर आलं, "दोन. ऑर्किडं राहिलीत."